काडेपेटीतली फिर्याद

१

आम्ही पोहोचलो तेव्हा गुन्हेगार आधीच ठरला होता. नर्सरीच्या फाटकाशी त्याची बॅग भरून ठेवलेली होती आणि तो स्वतः उजव्या हाताला फडकं गुंडाळून बॅगेशेजारी उभा होता. बाकी होतं ते फक्त त्याला हाकलणं.

मी सरकारी जीप चालवतो. सव्वीस वर्षं झाली. झाडांवर, पिकांवर बाहेरून येणाऱ्या किडींवर नजर ठेवणारं आमचं खातं. त्यातल्या एका तपासनीस बाईंना इकडून तिकडे न्यायचं, एवढंच माझं काम. बाई मला मामा म्हणतात. मी त्यांना तोंडावर बाई म्हणतो आणि पाठीमागे भिंगबाई, कारण त्यांच्या गळ्यात कायम एक भिंग लोंबकळत असतं. जेवताना ते वरणात बुडालेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय.

त्या बुधवारी सकाळी ऑफिसच्या टपालात एक काडेपेटी आली. आत चिकटपट्टीवर डकवलेल्या दहा-बारा मेलेल्या मुंग्या आणि कुंडीला अडकवतात तसली एक चिठ्ठी. चिठ्ठीवर या नर्सरीचा शिक्का, आणि मागे पेन्सिलीने लिहिलेलं: ‘या कोण आहेत ते सांगा. रोज वाढतात.’ खाली सही नाही, नाव नाही. मी पोट धरून हसलो. म्हटलं, आता मुंग्यांच्याही फिर्यादी यायला लागल्या! बाई हसल्या नाहीत. पंधरा मिनिटं त्या भिंगातून बघत राहिल्या, आणि चहा तसाच टाकून उठल्या.

“मामा, गाडी काढा.”

नर्सरीची मालकीण पन्नाशीची होती. कडक इस्त्रीचे कपडे, त्याहून कडक चेहरा. मागची सगळी जागा फरशीसारखी सपाट आणि स्वच्छ. पानसुद्धा परवानगी घेऊन गळत असावं.

“तुम्ही पोलिसांकडून आलात का? मी तर अजून फोनही केला नाही.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “मुंग्यांसाठी आलोय.”

“मुंग्या?” मालकीणबाईंचा पारा चढला. “अहो मॅडम, माझी दोन हजार रोपं पाण्यात गेली, आणि तुम्ही मुंग्या मोजायला आलात?”

खरं सांगतो, मला तिचं म्हणणं पटलं होतं.

मग तिने आमच्यावर सगळा राग काढला. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. नर्सरी तिच्या अंगावर पडली, आणि पंपाचं काम दिराकडे. तोच हा फाटकाशी उभा असलेला गृहस्थ. रोज रात्री आठला मोटर आपोआप सुरू व्हायची, टाकी भरली की आपोआप बंद. अकरा वर्षांत एकदाही चूक नाही. रविवारी रात्री सुरू झाली ती सोमवारी सकाळी सातपर्यंत चालूच! टाकी वाहिली, खालच्या बाजूची सगळी रोपं बुडाली, आणि पाणी अजून तिथे तळ्यासारखं साचलेलं.

“पंपघराला कुलूप होतं,” ती म्हणाली. “कुलूप शाबूत. किल्ली एकच, ती या गृहस्थांच्या खिशात. आता तुम्हीच सांगा, भूत आलं का?”

“वहिनी, मी काही केलं नाही हो,” दीर म्हणाला. आवाज एवढा बारीक की जणू तोच परका होता.

“नाही ना? मग हात कसा भाजला? आत काहीतरी खुडबूड करताना विजेचा चटका बसला, म्हणूनच ना?”

बाई त्याच्यापाशी गेल्या. न विचारता त्याच्या हाताचं फडकं सोडलं, भिंग लावलं, आणि मनगटापासून बोटांपर्यंत सावकाश फिरवलं.

“हा हात भाजलेला नाही,” त्या शेवटी म्हणाल्या.

२

मीही वाकून पाहिलं. मनगटापासून बोटांपर्यंत फोडच फोड. प्रत्येकाच्या टोकाला पांढरा ठिपका, टाचणीच्या डोक्याएवढा.

“भाऊजी,” बाई म्हणाल्या. त्यांची ही सवयच आहे, पाच मिनिटांत समोरच्याच्या घरातल्या होतात. “सोमवारी सकाळी नेमकं काय केलंत?”

“सात वाजता आलो. रविवारी संध्याकाळीच मी मित्राकडे गेलो होतो, रात्री तिथेच राहिलो. येऊन बघतो तर सगळीकडे पाणी. धावत पंपघर उघडलं. आतला दिवा लागेना. अंधारातच स्टार्टरच्या पेटीखालून हात घातला आणि मेन बटण ओढलं. तेवढ्यात करंट लागला.”

“किती वेळा?”

“पुष्कळ वेळा. म्हणजे आधी काहीच नाही, आणि मग सगळीकडून एकदम. कुणीतरी हुकूम दिल्यासारखं.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. विजेला कोण हुकूम देणार?

“फोड कधी उठले?”

“सोमवारी नुसती आग होत होती आणि लाल गांधी आल्या होत्या. हे पांढरं मंगळवारी सकाळी दिसलं. डॉक्टरांनी भाजल्याचं मलम दिलं.”

“त्यांना तुम्ही करंट लागला म्हणून सांगितलंत, म्हणून. भाजल्याचा फोड दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही. आणि हे बघा.” बाईंनी भिंग माझ्या हातात दिलं. “मामा, फोड कसे बसलेत?”

मी डोळे बारीक केले. फोड इकडे-तिकडे विखुरलेले नव्हते. चार-पाच मिळून एक छोटी कमान, शेजारी दुसरी कमान. एके ठिकाणी तर जवळजवळ पूर्ण गोल होता, बांगडीचा असतो तसा.

“कुणीतरी एका जागी तोंडाने घट्ट धरलंय,” बाई म्हणाल्या, “आणि धरलेलं न सोडता स्वतःभोवती फिरत फिरत मागच्या बाजूने टोचलंय. एकदा, दोनदा, पाचदा.”

“अगं बाई!” मालकीणबाईंच्या तोंडून निघालं. मग तिला आपण रागावलेलो आहोत हे आठवलं. “पण मॅडम, मोटर बंद का झाली नाही, त्याचं काय? रविवारी दुपारी यांनी सगळ्यांसमोर मला सुनावलं, एक दिवस पस्तावाल म्हणून! नवीन पंप घेऊ दिला नाही याचा राग. दुसऱ्या दिवशी हे. शिवाय महिनाभर माझं बी चोरीला जातंय. सूर्यफुलाचे ट्रे पेरले, एक कोंब नाही. माती उकरून बघितली तर बीच नाही!”

“रागाच्या भरात बोललो, वहिनी. दादा गेल्यापासून तुम्ही माझं काही ऐकूनच घेत नाही.”

“पुरे. बाराच्या आत तुम्ही इथून निघायचं. मग मी पोलिसांना फोन करते की नाही, ते माझं मी बघेन.”

फाटकापाशी एक ट्रक उभा होता. त्यात लॉनच्या गुंडाळ्या रचल्या होत्या, मातीसकट कापलेली हिरवीगार हिरवळ. एका बालवाडीच्या अंगणात अंथरायची होती. सगळी रोपं गेल्यावर या हंगामात नर्सरीला तारणारं तेवढं एकच काम उरलं होतं.

“ट्रक कधी सुटतो?” बाईंनी विचारलं.

“तोही बारालाच.”

बाईंचा चेहरा उतरला. मी घड्याळात पाहिलं. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

३

नर्सरीत काम करणाऱ्या माळीकाकांची खोपटी मागच्या कोपऱ्यात होती. स्टोव्ह, एक काळवंडलेली किटली, दोन कप. म्हातारा तीस वर्षं तिथे होता आणि आम्हाला बघताच त्याने कानावर हात ठेवले. मला काही माहीत नाही, मी काही पाहिलं नाही, मला ऐकू कमी येतं. मी म्हटलं, एवढं सगळं न विचारता सांगितलंत, म्हणजे कान ठणठणीत आहेत.

बाई जमिनीकडे बघत होत्या. सगळ्या मातीवर दाताळ्याच्या रेघा होत्या, नुकताच भांग पाडल्यासारख्या.

“रोज दाताळं फिरवता?”

“रोज सकाळी. मालकीणबाईंचा नियम आहे. मातीचा ढीग म्हणून कुठे दिसता कामा नये. साहेब होते तेव्हापासूनचा.”

“आणि ढीग दिसला तर?”

म्हाताऱ्याने किटली हळूच स्टोव्हमागे सरकवली. बाई माझ्याकडे वळल्या. “मामा, तुमचे वेफर्स द्या.”

“माझे?”

“खिशातले. मला वास येतोय.”

घरी बायकोने वेफर्स बंद केलेत, म्हणून ऑफिसातून खिशात घालून आणलेलं ते एकच पाकीट होतं. पण बाईंपुढे कुणाचं चाललंय! त्यांनी चार वेफर्स मातीवर ठेवले आणि आम्ही मागे सरलो. पहिल्या मिनिटात एक मुंगी आली, फिरली आणि निघून गेली. मी म्हणालो, हिला आवडले नाहीत. चौथ्या मिनिटाला वेफर दिसेनासा झाला. तिथे नुसता तांबूस थर हलत होता. मुंग्या किती म्हणता! डोकं तांबूस, पोट काळपट. आणि एक गंमत होती. काही डोळ्यांना दिसणार नाहीत एवढ्या बारीक, काही मध्यम, काही चांगल्या दणकट, तरी सगळ्या एकाच रांगेत, एकाच घरच्या.

“लहान-मोठ्या एकत्र. ही त्यांची पहिली खूण,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. देवळात बोलतात तेवढ्याच हळू. “आगमुंगी. आपल्याकडची नाही ही.”

मग त्यांनी पिशवीतून काडेपेटी काढली आणि चिकटपट्टी माळीकाकांसमोर धरली. दोन मुंग्यांच्या मध्ये एक काळा बारीक कण चिकटला होता. मी सकाळी तो मुंगीचा पाय समजलो होतो.

“चहाची पत्ती आहे ही,” बाई म्हणाल्या. “किटलीतल्या उकळत्या पाण्याने मेलेल्या मुंग्या आहेत या. काका, काडेपेटी तुम्हीच पाठवलीत.”

म्हाताऱ्याने आधी पट्टीकडे, मग किटलीकडे पाहिलं. मग तो खालीच बसला.

तीन महिन्यांपूर्वी कुठून तरी मोठ्या कुंड्यांतली झाडं आली होती. त्यानंतर पंधरा दिवसांनी त्याला पहिला ढीग दिसला. भुसभुशीत, वरून चाळल्यासारखा, आणि वर कुठेच भोक नाही. त्याने किटली ओतली, दाताळं फिरवलं. ढीग गेला. दोन दिवसांनी थोड्या अंतरावर दोन ढीग. पुन्हा किटली. मग चार.

“तुम्ही त्यांना मारत नव्हतात, काका. त्यांना घर बदलायला लावत होतात. वरच्या शंभर मेल्या, राणी खाली सुखरूप. ती सगळं बिऱ्हाड घेऊन निघायची.”

“पण मालकीणबाईंना सांगितलं का नाही?” मी विचारलं.

त्याने मी मूर्ख असल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. “ढीग दिसू द्यायचा नाही, हेच तर माझं काम. मग ढीग आहे, असं सांगू कोणत्या तोंडाने?”

बीसुद्धा या मुंग्याच नेत होत्या, बाई म्हणाल्या, एकेक दाणा. म्हाताऱ्याने डोळे पुसले. त्या बियांचा आळ भाऊजींवर आला तेव्हापासून त्याला झोप नव्हती, म्हणून शुक्रवारी ती काडेपेटी टपालात टाकली होती.

“शेवटची किटली कुठे ओतलीत?”

“त्याच शुक्रवारी. पंपघराच्या भिंतीला लागून मोठा ढीग होता.”

“आणि शनिवारी?”

“शनिवारी तिथे काहीच नव्हतं. मला वाटलं, सुटलो.”

आम्ही तिघं त्या भिंतीपाशी गेलो. भिंतीच्या तळाशी, बोटभर भोकातून, विजेच्या वायरीचा पाइप आत गेला होता.

४

किल्ली आता मालकीणबाईंच्या कमरेला होती. सोमवारीच तिने दिराकडून काढून घेऊन पंपघराला कुलूप घातलं होतं.

“आत कुणाला सोडणार नाही,” ती म्हणाली. “पुरावा आहे तो.”

“म्हणूनच उघडा,” बाई म्हणाल्या. “तुम्ही कुलूप घातलंत हे फार चांगलं केलंत. नाहीतर आतापर्यंत कुणीतरी झाडून काढलं असतं.”

आतमध्ये ओलसर काळोख होता. बाईंनी हातमोजे चढवले, बाह्या बांधल्या, आणि मला बॅटरी धरून दोन हात लांब उभं केलं. मुख्य वीज बंद असल्याची त्यांनी दोनदा खात्री केली. मग लांब पेचकसाने स्टार्टरच्या पेटीचं झाकण सोडवलं.

झाकण पडलं.

पेटी मातीने भरली होती. बारीक, रवाळ, कुणीतरी चाळून भरावी तशी. त्या मातीत मेलेल्या मुंग्या होत्या, हजारो, एकमेकींत अडकलेल्या, दाबून बसलेल्या, तारांभोवती, स्क्रूंभोवती. काही अजून जिवंत होत्या. उजेड पडताच त्या वर धावल्या आणि पेचकसावर चढायला लागल्या.

“कोरडं आणि उबदार,” बाई म्हणाल्या. “किटली नसलेलं घर. म्हणून इथे आल्या. आता इथे बघा. ही पट्टी पुढे सरकली की मोटर चालू होते, मागे सरकली की बंद.”

पट्टीच्या मागे नखभरसुद्धा जागा नव्हती. तिथे मुंग्यांचाच घट्ट गोळा झाला होता.

“एकीला विजेचा धक्का बसला असेल. मरताना तिने वास सोडला, धोका, धावा म्हणून. तो वास घेऊन दुसऱ्या धावत आल्या. त्यांनाही धक्का बसला, त्यांनीही तीच हाक दिली. मग आणखी आल्या. रविवारी आठला पट्टी पुढे गेली, आणि टाकी भरल्यावर तिला मागे यायला वाटच राहिली नाही. हा सगळा ढीग मदतीला आलेल्यांचा आहे, मामा.”

मी सव्वीस वर्षं किड्यांच्या खात्यात आहे आणि त्यातली पंचवीस मी किड्यांना हसत काढली. त्या दिवशी मी बॅटरीचा उजेड त्यांच्यावरून बाजूला घेतला. कशासाठी, ते विचारू नका. एवढ्याशा जिवाला एवढी माया कुठून आली, तेच कळेना.

“कुलूप शाबूत, किल्ली एकच,” बाई मालकीणबाईंना म्हणाल्या. “तुमचं म्हणणं अगदी खरं होतं. फक्त आत शिरणाऱ्यांना किल्ली लागत नव्हती. सोमवारी भाऊजींनी हात घातला तो या पेटीखालून. करंट लागला नाही त्यांना. त्यांनी बटण ओढून उरलेली रोपं वाचवली आणि त्याबद्दल हे फोड घेतले.”

मालकीणबाई दाराची चौकट धरून उभी होती. मला वाटलं, आता ती दिराकडे बघेल. तिने नाही पाहिलं. ती बाहेर पसरलेल्या नर्सरीकडे बघत होती.

“हे बाहेर कळलं तर माझ्याकडून कोण रोप घेईल?”

“कुणीच नाही,” बाई म्हणाल्या. “निदान सगळं साफ होईपर्यंत तरी.”

तेव्हा भाऊजी पुढे आले. माणूस दोन दिवस चोर म्हणून जगला होता, आता तरी ताठ मानेने बोलेल असं मला वाटलं.

“वहिनी, पंप मीच चालू ठेवला असं राहू दे,” ते म्हणाले. “मी जातो. दादाने उभी केलेली नर्सरी आहे. मुंग्यांचं नाव कशाला हवंय बाहेर?”

आणि ते खरंच बॅग आणायला फाटकाकडे निघाले.

५

“थांबा,” बाई ओरडल्या. मी त्यांना ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. “आधी सगळे माझ्याबरोबर खाली चला. या पेटीत राणी नाहीये.”

“मग कुठे आहे?” मालकीणबाईंनी विचारलं.

“पाणी चढलं तेव्हा ढिगांतल्या राण्या निघाल्या. त्या कुठे गेल्या, ते दाखवते.”

खालच्या बाजूला गुडघाभर पाणी साचलं होतं. बुडालेली रोपं आत पिवळी पडली होती. पलीकडच्या कडेला पाण्यावर एक तपकिरी थर तरंगत होता, घरातल्या पायपुसण्याएवढा. मी सकाळी येताना तो पाहिला होता आणि लाकडाचा भुसा म्हणून सोडून दिला होता. मालकीणबाईंनी तर सोमवारपासून पाहिला होता.

बाईंनी लांब काठी घेतली आणि त्या भुशाला हळूच टेकवली.

भुसा हलला. अख्खा हलला, एका अंगाने. काठीच्या टोकाला पाय फुटावेत तशा मुंग्या वर चढायला लागल्या, आणि उरलेल्यांनी मध्ये पडलेली फट लगेच भरून काढली.

“अरे देवा,” मी म्हणालो.

“एकमेकींचे पाय धरून बसल्यात,” बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते, आणि त्या घाबरल्याही होत्या, दोन्ही एकदम. “ना होडी, ना फळकूट. स्वतःचीच होडी केलीय. बाळं आणि राणी मधोमध, कोरडी. खालच्यांभोवती हवेचा थर धरलेला, म्हणून त्याही लगेच बुडत नाहीत. दिवसच्या दिवस अशा तरंगतात. आणि जिथे काठ लागेल, तिथे उतरून घर मांडतात.”

बाईंनी काठी उचलून थराच्या मध्यावर दाबली. तो पाण्याखाली वाकला, आणि काठी काढताच कोरडाच्या कोरडा वर आला. मालकीणबाई हळूच गुडघ्यावर बसली. तिच्या कडक इस्त्रीला चिखल लागला, पण तिला भान नव्हतं. कितीतरी वेळ आम्ही पाचही जण नुसते बघत राहिलो. त्यांचा राग यायला हवा होता. दोन हजार रोपं, बी, भाऊजींचा हात, सगळं त्यांनीच केलेलं. पण तो थर उन्हात हलत होता आणि राग काही येत नव्हता.

“मॅडम,” मालकीणबाई अखेर म्हणाली, “काठ कुठे लागला यांना?”

बाईंनी बोट दाखवलं. पाण्याचा पलीकडचा काठ लॉनच्या पट्ट्याला भिडला होता. अर्धा पट्टा कालच कापून झाला होता, आणि कापलेला भाग ट्रकमध्ये होता.

आम्ही फाटकाकडे अक्षरशः धावलो. बाईंनी सगळ्यात वरची गुंडाळी हातमोज्याने उलगडली. हिरवळीच्या खाली, मुळांच्या जाळीत, चाळलेल्या मातीचा एक नवा कोरा उंचवटा होता. वर कुठेच भोक नव्हतं. पेचकसाचं टोक लागलं, आणि तांबूस थर उसळून वर आला.

ट्रकवाल्याने एका उडीत आपली जागा सोडली.

“बालवाडी,” माळीकाका पुटपुटला. “पोरं अनवाणी खेळतील हो.”

“एखाद्याला नुसते फोड येतील,” बाई म्हणाल्या. “एखाद्याचा श्वासच बंद पडेल. तसंही होतं कधीकधी.” मग त्या मालकीणबाईंकडे वळल्या. “खरं ते सांगते. माझा नमुना जाऊन खात्रीचा कागद यायला उद्याची संध्याकाळ होईल. तोवर हा ट्रक अडवायचा अधिकार मला नाही. तुम्हाला आहे. तुम्ही आत्ता स्वतः कळवलंत, तर नर्सरी या मिनिटापासून बंद. एक कुंडी, मूठभर माती बाहेर जाणार नाही. अख्खा हंगाम जाईल.”

बारा वाजायला सात मिनिटं होती.

६

मी बायकोला नंतर सांगितलं, सव्वीस वर्षांत इतकी लांब सात मिनिटं मी पाहिली नाहीत. ती म्हणाली, तुम्ही वेफर्स कुठून आणलेत ते आधी सांगा.

मालकीणबाईंनी ट्रककडे पाहिलं. मग भाऊजींच्या बॅगेकडे. मग त्यांच्या हाताकडे, आणि मला वाटतं तो हात तिने तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिला.

“माल उतरवू नका, आहे तिथेच राहू द्या,” तिने ट्रकवाल्याला सांगितलं. “ट्रक इथून हलणार नाही. बालवाडीला मी फोन करते.” मग बाईंना म्हणाली, “कुठे सही करायची?”

बाईंनी अर्ज काढला. पहिलाच रकाना होता, किडीबद्दल प्रथम कुणी कळवलं. बाईंनी पेन थांबवून माळीकाकांकडे पाहिलं. म्हातारा मागे मागे सरकत माझ्या पाठीशी आला होता. आपली नोकरी गेली, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

“काकांचं नाव लिहा,” मालकीणबाई म्हणाली. “चांगलं मोठ्या अक्षरात.” थोडं थांबून ती म्हणाली, “काका, माझीच चूक झाली. जमीन स्वच्छ दिसायला हवी म्हणून मी तुमचं तोंड बंद केलं. आता जिथे ढीग दिसेल तिथे काठी रोवा, वर लाल चिंधी बांधा, आणि हात लावू नका. सगळ्यांना दिसू दे.”

म्हातारा ढसाढसा रडला. मीही जीपचं चाक बघतोय असं दाखवून पाठ फिरवली. चाक बघायचं खरंच होतं म्हणा, कारण धुतल्याशिवाय आमची जीपही बाहेर जाणार नव्हती. चारही चाकं कुणी धुतली हे सांगायला नको.

परत आलो तेव्हा मालकीणबाई पंपघराकडून येत होती. तिथलं कुलूप तिच्या हातात होतं. तिने फाटक ओढून लावलं, कोयंड्यात ते कुलूप अडकवलं आणि दाबलं. मग वाकून तिने दिराची बॅग उचलली. जड होती, पण तिने कुणाला हात लावू दिला नाही. बॅग फाटकापासून आत, आपल्या घराच्या दारापाशी नेऊन ठेवली.

“भाऊजी,” ती म्हणाली. “मला माफ करा. नवा पंप आधी तुमच्याच मनासारखा घेऊ. नर्सरी पुन्हा उघडेल तेव्हा.”

“वहिनी, अहो, कशाला...”

तिने कमरेची किल्ली सोडवली आणि त्यांच्यापुढे धरली.

“फाटकाला किल्ली एकच आहे,” ती म्हणाली. “तुमच्याकडेच राहू द्या.”

भाऊजींनी डाव्या हाताने किल्ली घेतली. उजवा अजून ठणकत होता.